हॉन्की-टॉन्क पियानो शिकायचाय? आधी डावा हात

कीबोर्डवर ‘हॉन्की-टॉन्क’ नावाचा टोन असतो. तो लावला की जुन्या काऊबॉय सिनेमातल्या गुत्त्यात ऐकू येतो तसा खणखणीत, किंचित बेसूर आवाज येतो आणि पहिली दहा मिनिटं भलतीच मजा वाटते. मग त्याच आवाजात एखादं ओळखीचं गाणं वाजवून पाहिलं की ते तितकंच सपाट लागतं, फक्त वर बेसूरही. कारण हॉन्की-टॉन्क ही वाजवण्याची पद्धत आहे आणि तिचा सगळा भार डाव्या हातावर आहे.

पेटीवरून कीबोर्डकडे आलेल्यांची नेमकी इथेच पंचाईत होते. आपला डावा हात वर्षानुवर्षं भात्यावर असतो. उजव्या हाताला आलाप, ताना, कण सगळं येतं आणि डाव्याला एकही पट्टी माहीत नसते. त्यामुळे या लेखात उजवा हात बराच उशिरा येईल. घाई असली तरी क्रम मोडू नका.

ही पद्धत अशी का झाली

अमेरिकेच्या दक्षिणेत, विशेषतः टेक्सास आणि लुइझियाना भागात, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लाकूडतोडीच्या छावण्या आणि रेल्वेची कामं जोरात होती. मजुरांसाठी तिथे गुत्ते उघडले. कोपऱ्यात एक उभा पियानो असायचा, पण तो सुरात आणायला कोणी येत नसे. काही पट्ट्या मुक्या, काही अडकणाऱ्या. वादक बहुतेक कृष्णवर्णीय आणि फिरस्ते. आज या गुत्त्यात, उद्या पुढच्या. ढोल वाजवायला दुसरा माणूस नाही, ध्वनिवर्धक तर नाहीच, आणि समोर नाचायला आलेली गर्दी.

अशा ठिकाणी नाजूक सुरावट वाजवून कोणाला ऐकू जाणार? म्हणून वादकाने लय धरली. डाव्या हाताने ठेका द्यायचा, उजव्याने चाल जोरात, दुहेरी सुरांत ठोकायची, आणि एखादी पट्टी मुकी निघाली तरी नाच थांबू द्यायचा नाही. पुढे शिकायच्या जवळजवळ प्रत्येक युक्तीमागे यातलं एखादं कारण आहे. ते लक्षात ठेवलं तर युक्त्या पाठ कराव्या लागत नाहीत.

या मुळातून तीन-चार वाटा फुटल्या. रॅगटाइम ही त्यांतली लिहून ठेवलेली, शिस्तीची वाट. स्कॉट जॉप्लिनचा ‘मेपल लीफ रॅग’ १८९९ मध्ये मिसुरी राज्यातल्या सेडेलिया गावी छापला गेला. दुसरी वाट बूगी-वूगीची. मीड लक्स लुईसने १९२७ मध्ये ‘हॉन्की टॉन्क ट्रेन ब्लूज’ ध्वनिमुद्रित केलं. त्यात डावा हात आगगाडीच्या चाकांसारखा अखंड फिरतो. तिसरी वाट कंट्री संगीताची. १९३० मध्ये पूर्व टेक्सासात तेलाचं प्रचंड क्षेत्र सापडलं, १९३३ मध्ये दारूबंदी उठली, आणि रस्त्याकडेला ‘हॉन्की-टॉन्क’ म्हणून ओळखले जाणारे गुत्ते उगवले. टेक्सासचा गायक-पियानोवादक मून मलिकन तिथलाच. त्याचं ‘आय्ल सेल माय शिप अलोन’ १९५० मध्ये गाजलं. आपण मुख्यतः ही तिसरी वाट धरणार आहोत, कारण नवशिक्याच्या डाव्या हाताला ती सर्वांत लवकर झेपते.

मांडणी

पियानो असेल तर उत्तमच. नसेल तर ६१ पट्ट्यांचा साधा कीबोर्ड पुरतो, फक्त पट्टी हळू-जोरात दाबल्याचा फरक त्याला कळायला हवा. ट्रान्सपोज, म्हणजे सगळे सूर वर-खाली सरकवणारी सोय, शून्यावर ठेवा. ऑटो रिदम आणि एका बोटात कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार सूर, देणारी सोय बंद करा. ती चालू राहिली तर या लेखातलं काहीही तुमच्या हातात येणार नाही. टोन सध्या साधा पियानोच ठेवा. बेसूर टोनमध्ये चुका लपतात.

सूर पांढरी एक, म्हणजे सी. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर डावीकडून तिसरा सी हा मध्य सा समजा. दुसरा सी मंद्र सा आणि अगदी डावीकडची पहिली पट्टी अतिमंद्र सा. पांढरी एकच का, तर उजव्या हाताची एक खास युक्ती काळ्या पट्टीवरून पांढरीवर घसरून येते आणि या सुरात ती तिन्ही कॉर्डवर जमते. पुढे सांगतो.

डावा हात: पहिला ठेका

चार मात्रांचा एक बार. पहिल्या मात्रेवर करंगळीने मंद्र सा. दुसऱ्या मात्रेवर हात उडी मारून कॉर्ड: मंद्र प, मध्य सा, मध्य ग, तिन्ही एकदम. तिसऱ्या मात्रेवर अतिमंद्र प. चौथ्यावर पुन्हा तीच कॉर्ड. एवढाच ठेका. डग्ग्याचा घुमारा एक-तीनवर आणि चाटीचा फटका दोन-चारवर, असं मनात धरलं तर हात लवकर बसतो.

दोन गोष्टींवर कडक लक्ष द्या. पहिली म्हणजे दोन आणि चारवरची कॉर्ड तोडून वाजवायची. पट्टी दाबली की लगेच हात वर. खालचा सूर किंचित लांब, कॉर्ड आखूड, या फरकातूनच उसळी येते. पेटीवाल्यांची सवय पट्टी धरून ठेवायची असते, त्यामुळे हे सुरुवातीला विचित्र वाटेल.

दुसरी गोष्ट जोराची. आपला कान समेवर वजन शोधतो. इथे नाचणाऱ्याची टाळी दोन आणि चारवर पडते. ठरावीक गतीने ठोके देणारा मेट्रोनोम मिनिटाला साठच्या गतीवर लावा आणि त्याचा ठोका दोन-चारवर आहे असं समजून वाजवा, म्हणजे प्रत्येक बारमध्ये मेट्रोनोमचे दोनच ठोके येतील. पहिल्यांदा डोकं गरगरतं. तोंडाने ‘एक-टाळी-तीन-टाळी’ म्हणत वाजवलं की हळूहळू बसतं. आणि साठ ठोके, म्हणजे मिनिटाला एकशेवीस मात्रा, हा वेग हाताला जड गेला तर ठोके चाळीसवर आणा. सावकाश वाजवण्यात काही कमीपणा नाही. जॉप्लिननेही आपल्या छापील रचनांवर, रॅगटाइम जलद वाजवू नका, अशी सूचना घातली होती.

पेडल वापरू नका. पायाला मोह होईल, पण पेडल दाबलं की खालचे सूर एकमेकांत मिसळून गढूळ होतात आणि ठेका विरघळतो.

उडी न बघता जमायला हवी. त्यासाठी फक्त करंगळीचे खालचे सूर वाजवत नजर समोरच्या भिंतीवर ठेवा. काळ्या पट्ट्यांचे दोन-दोन आणि तीन-तीनचे गट बोटाला चाचपून कळतात, तोच आधार. हीच उडी मोठ्या अंतरावर, जास्त वेगात मारली की ती न्यूयॉर्कच्या हार्लेममधली स्ट्राइड शैली होते. त्या घराण्यातला एक कसलेला वादक मुंबईकरांनी प्रत्यक्ष ऐकला आहे. शिकागोहून आशियात आलेला टेडी वेदरफर्ड १९३०च्या दशकात ताजमहाल हॉटेलात वाजवत असे. १९४५ मध्ये तो कोलकात्यात वारला.

आणखी दोन कॉर्ड आणि बारा बार

पहिली कॉर्ड, म्हणजे सी, बसली की बाकीच्या दोन अगदी शेजारी आहेत.

एफ कॉर्ड: मंद्र ध, मध्य सा, मध्य म. तिचे खालचे सूर अतिमंद्र म आणि मंद्र सा.

जी सेव्हन: मंद्र प, मंद्र नि, मध्य म. खालचे सूर अतिमंद्र प आणि मंद्र रे.

तिन्ही कॉर्ड नुसत्या एकापाठोपाठ धरून पाहा. हात जागचा जवळजवळ हलत नाही, एखाद-दुसरं बोट शेजारच्या पट्टीवर सरकतं, एवढंच. अशी मांडणी मुद्दाम निवडली आहे. पुस्तकात कॉर्डचा मूळ आकार देतात, तो घेतला तर प्रत्येक बदलाला आख्खा हात उचलावा लागतो.

आता बारा बारचा फेरा. चार बार सी, दोन बार एफ, दोन बार सी, मग एक बार जी, एक एफ, आणि शेवटी दोन बार सी. फेरा परत सुरू करायचा असेल तर बारावा बार जीचा घ्या. तो कान पकडून पुन्हा पहिल्या बारवर आणतो. अमेरिकन ब्लूज, बूगी आणि रॉक-अँड-रोलचा मोठा भाग याच फेऱ्यावर उभा आहे. कंट्री गाणी मात्र बऱ्याचदा आठ किंवा सोळा बारांत बसतात आणि तिथे कॉर्डचा क्रम गाण्यागणिक बदलतो. बारा बार न मोजता, बोलता बोलता वाजवता यायला लागले की पुढे जा. खरोखर बोलता बोलता. घरातल्या कोणाला तरी समोर बसवा आणि ठेका चालू ठेवून गप्पा मारा. ठेका अडखळला तर अजून वेळ आहे.

कॉर्डमधले पूल

नुसता ठेका तासभर चालला तर कंटाळा येतो. जुने वादक कॉर्ड बदलायच्या आधी खालच्या सुरांनी चालत जायचे. सीवरून एफकडे जाताना आदल्या बारमध्ये असं करा: पहिल्या मात्रेवर मंद्र सा, दुसरीवर नेहमीची कॉर्ड, तिसरीवर मंद्र रे, चौथीवर मंद्र ग, आणि पुढच्या बारची पहिली मात्रा थेट मंद्र म. परत येताना म, कॉर्ड, ग, रे आणि मग सा. जीवरून सीकडे येताना अतिमंद्र प, कॉर्ड, ध, नि, आणि मंद्र सा.

ऐकणाऱ्याला यातून पुढची कॉर्ड येतेय हे आधीच कळतं. सोबत गिटार किंवा गायक असेल तर त्यालाही कळतं, आणि न सांगता सगळे एकत्र वळतात. पण प्रत्येक बदलाला पूल बांधू नका. चार बदलांत एखादा पुरे.

वेग वाढला आणि उड्या जमेनात, तर बूगीचा सोपा डावा हात घ्या. मंद्र सा आणि मंद्र प एकत्र दोनदा, मग सा आणि ध एकत्र दोनदा, असं बारमध्ये दोन वेळा. म्हणजे एका बारमध्ये आठ फटके. हात एकाच जागी राहतो, फक्त वरचं बोट प आणि धमध्ये ये-जा करतं. एफ आणि जीवरही आकार तोच, जागा बदलते. मनगट आवळलं की दोन मिनिटांत कोपरापर्यंत दुखायला लागतं. दुखलं की थांबायचं, ‘सवय होईल’ म्हणून रेटायचं नाही.

झोका

हे आठ फटके सारख्या अंतरावर पडले तर शिवणयंत्रासारखे ऐकू येतात. एका मात्रेचे मनात तीन भाग करा. पहिला फटका पहिल्या भागावर, दुसरा तिसऱ्यावर. लांब-आखूड, लांब-आखूड. यालाच स्विंग म्हणतात. रॅगटाइममध्ये मात्र साधारण सरळ समान भाग ठेवतात आणि गंमत उजव्या हाताच्या आडव्या वजनातून येते. दोन्हींची सरमिसळ झाली की ऐकणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं नक्की.

उजवा हात, शेवटी एकदाचा

चाल एकेरी सुरात वाजवू नका. गोंगाटात एकेरी सूर बुडतो, म्हणून प्रत्येक सुराला जोडीदार द्या. सर्वांत सोपी जोडी सहा सुरांच्या अंतराची: ग आणि तार सा, म आणि तार रे, प आणि तार ग. चालीचा सूर वर राहील, जोडीदार खाली. या जोड्या वर-खाली चालवत राहिलात तरी अर्ध्या गाण्यांच्या मधल्या जागा भरून निघतात.

आता ती काळ्या-पांढऱ्या पट्टीची युक्ती. सी कॉर्ड चालू असताना कोमल गवर बोट ठेवा आणि दाबताक्षणी तेच बोट शुद्ध गवर घसरवा. त्याच वेळी करंगळीने वरचा प किंवा तार सा वाजवा. पेटीवर आपण कण घेतो त्याचीच ही नातलग, फक्त इथे तो नाजूक लावायचा नाही. क्षणभर दोन्ही सूर एकमेकांवर आपटू द्यायचे. पियानोवर दोन पट्ट्यांच्या मधला सूर काढता येत नाही आणि ब्लूज गाणारा गळा तर नेमका तिथेच फिरतो. म्हणून वादकांनी दोन्ही बाजूंचे सूर एकत्र चिरडायला सुरुवात केली. एफ कॉर्डवर हेच कोमल धवरून शुद्ध धवर, जी कॉर्डवर कोमल नीवरून शुद्ध नीवर. तिन्ही ठिकाणी काळीवरून पांढरीवर, एकाच बोटाने. बहुतेक दुसऱ्या सुरांत गेलात तर ही सोय तिन्ही कॉर्डवर राहत नाही, कुठेतरी दोन बोटं लागतात.

दुसरी तऱ्हा कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिल शहराची. पियानोवादक फ्लॉइड क्रेमरने ती १९६० मध्ये ‘लास्ट डेट’मधून घरोघरी पोचवली. डॉन रॉबर्टसन या गीतकाराच्या नमुना-ध्वनिमुद्रणावरून त्याने ती उचलली होती. शुद्ध रे आणि वरचा प एकत्र वाजवा, प धरून ठेवा आणि रेवरून लगेच गवर या. इथे अंतर पूर्ण सुराचं आहे आणि दोन्ही पट्ट्या पांढऱ्या, त्यामुळे चिरडल्याचा तिखटपणा जातो आणि स्टील गिटारच्या सरकत्या सुराचा गोडवा येतो. संथ, रडक्या गाण्यांना ही तऱ्हा शोभते. नाचाच्या गाण्यात ती घातली तर गाणं झोपतं. ‘लास्ट डेट’ अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर अडकलं, कारण पहिल्या क्रमांकावर एल्व्हिस प्रेस्लीचं गाणं होतं.

ट्रेमोलो मात्र कुठेही चालतो. पियानोचा सूर वाजल्याक्षणी विरायला लागतो, आणि गर्दीत तर लगेच नाहीसा होतो. तो जिवंत ठेवायला अंगठा आणि करंगळी यांच्यामध्ये हात जलद हलवायचा. बोटं उचलायची नाहीत, कुलूप उघडताना किल्ली फिरवतो तसा कोपराखालचा हात फिरवायचा. अंगठ्यावर ग, करंगळीवर तार सा घ्या आणि दोन मात्रा धरा. याचाही अतिरेक लवकर होतो.

नखाच्या बाजूने पट्ट्यांवरून सर्रकन घसरत जाणं, म्हणजे ग्लिसांदो, दिसायला भारी आणि शिकायला सोपं आहे. म्हणूनच नवशिके ते दर चार बारांनी करतात. कृपा करा.

तो बेसूर आवाज

एवढं हातात आलं की आता टोन बदला. पियानोत मधल्या आणि वरच्या प्रत्येक सुराला तीन तारा असतात आणि हातोडी तिन्हींवर एकदम पडते. तारा एकसारख्या जुळलेल्या असल्या तर एकच स्वच्छ सूर ऐकू येतो. एक तार सेकंदाला ४४० कंपनांवर आणि दुसरी ४४२ वर असली तर आवाज सेकंदाला दोनदा फुगतो आणि ओसरतो. हॉन्की-टॉन्कची थरथर ती हीच. म्हणजे एक सूर दुसऱ्याच्या तुलनेत बेसूर असून भागत नाही. एकाच सुराच्या तारा आपापसात भांडायला हव्यात.

कीबोर्डवर हे सोपं आहे. जनरल मिडी या प्रमाण यादीत चौथा टोन हॉन्की-टॉन्क पियानोचाच आहे. त्याची थरथर जास्त वाटली तर पियानोचे दोन टोन एकावर एक लावा आणि एक पाच सेंट वर, दुसरा पाच सेंट खाली सरकवा. शंभर सेंट म्हणजे अर्धा सूर. मध्य सप्तकाच्या धवर या दहा सेंटच्या फरकातून सेकंदाला साधारण अडीच लाटा मिळतात. त्याहून फार पुढे गेलात तर वीस सेकंदांत डोकं उठतं.

खऱ्या पियानोवर काही लोक हातोडीच्या नमद्यात टाचण्या खुपसतात, तारेवर धातू आपटून खणखणाट व्हावा म्हणून. स्वतःच्या पियानोवर हे करू नका. नमदा फाटतो, टाचणी सुटून यंत्रणेत पडते, तारेलाही इजा होते. हातोड्या आणि तारांच्या मध्ये धातूचे तुकडे लावलेल्या कापडी पट्ट्या सोडायच्या, ही त्यापेक्षा बरी आणि काढता येण्यासारखी सोय आहे. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत ‘मिसेस मिल्स’ नावाने ओळखला जाणारा एक जुना उभा स्टाइनवे आहे; त्याच्या हातोड्या लाखेने कडक केलेल्या आहेत. त्रिनिदादची विनिफ्रेड ॲटवेल १९५०च्या दशकात ब्रिटनमध्ये घराघरांत पोचली ती आपल्या ‘दुसऱ्या पियानो’मुळे. बॅटरसीतल्या भंगारच्या दुकानातून पन्नास शिलिंगांना घेतलेला तो पियानो होता.

मुंबईत किंवा कोकणात पियानो असेल तर तो आपोआपच त्या वाटेला लागतो. पावसाळ्यात आतला साउंडबोर्ड ओल पिऊन फुगतो आणि सूर चढतात. कोरड्या दिवसांत उतरतात. आणि या चढ-उतारात तिन्ही तारा बरोबर हलत नाहीत. गंमत म्हणून ठीक, पण वर्षानुवर्षं तसाच ठेवलेला पियानो एकदम वर ओढायला गेलं की तारा तुटतात. ट्यूनरला बोलवत राहा आणि थरथर कीबोर्डवर भागवा.

दुसऱ्यांबरोबर वाजवताना

बेस गिटार सोबत असेल तर तुमचा खालचा सूर त्याच्या सुरावर बसतो आणि गचका होतो. अशा वेळी एक-तीन सोडून द्या, फक्त दोन-चारच्या कॉर्ड ठेवा. गायक गात असेल तेव्हा उजव्या हाताने गप्प बसायचं आणि त्याची ओळ संपल्यावर उरलेल्या जागेत उत्तर द्यायचं. हे शिकायला हार्गस ‘पिग’ रॉबिन्स ऐका. लहानपणीच दृष्टी गेलेला हा नॅशव्हिलचा वादक असंख्य ध्वनिमुद्रणांवर आहे. कंट्री गायक जॉर्ज जोन्सच्या १९५९ मधल्या ‘व्हाइट लायटनिंग’मध्ये त्याचा पियानो अक्षरशः उधळलेला असतो, तरी गाण्याच्या एकाही शब्दावर तो चढत नाही.

जुन्या ध्वनिमुद्रणाबरोबर वाजवायला बसलात की एक अडचण हमखास येते. पांढरी एक जुळत नाही, काळी एकही जुळत नाही. तुमचा कान बिघडलेला नाही. तो पियानोच उतरलेला असतो किंवा मुद्रणाचा वेग किंचित इकडे-तिकडे झालेला असतो. ट्रान्सपोजने जवळच्या सुरावर या, मग कीबोर्डच्या मेनूत ट्यूनिंग शोधा आणि पाच-पाच सेंट सरकवत जा. दोन्हींच्या लाटा मंदावत थांबल्या की तुम्ही त्या जुन्या पियानोच्या सुरात आहात. वाजवून झालं की ट्यूनिंग पुन्हा ४४० वर आणायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी पेटीवाला तुमच्याकडे संशयाने बघेल.